देवघरांतील भिंत

वांटणीचा कागद झाला, भांडींकुंडीं मोजून झालीं, सोपा थोरल्याकडे आणि माजघर धाकट्याकडे गेलें, कीं सर्वांत शेवटीं प्रश्न येतो तो देवांचा. टाक कोणाकडे राहावयाचे, बोडण व कुळधर्म कोणीं करावयाचे, नवरात्राचा घट कोणाच्या घरीं बसावयाचा, या प्रश्नांपाशीं भलेभले पंच थबकतात. बहुतेक घरांतून यावर पाळीचा तोडगा निघतो. एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे. देवघराच्या मधोमध भिंत घालून अर्धा देव इकडे व अर्धा तिकडे, असा निवाडा आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. परंतु जर्मनींतील हायडेलबर्ग या प्राचीन विद्यापीठाच्या नगरींत असा निवाडा झाला, तो दगडचुन्यांत उतरला, आणि मधले कांहीं खंड सोडले तर १७०६ पासून १९३६ पर्यंत टिकला. ज्या मंदिरांत हें घडलें तें 'पवित्र आत्म्याचें चर्च' आम्ही मध्यंतरीं पाहून आलों. त्याची हकीकत या खेपेस वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या देशांत राहतात. आम्ही उभयतां त्यांच्याकडे महिनाभर होतों, त्यांतील दोन दिवस या गांवासाठीं राखून ठेविले होते. हायडेलबर्ग नेकार नदीच्या कांठीं, डोंगर आणि पाणी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत वसलें आहे. वर उतारावर तांबड्या दगडाचा भग्न राजवाडा, खालीं नदीवर अठराव्या शतकांतील दगडी पूल, आणि या दोहोंच्या मध्यें जुन्या बाजाराच्या चौकांत हें चर्च. समोर रस्त्यापलीकडे एका कापडाच्या व्यापाऱ्यानें १५९२ सालीं बांधलेलें नक्षीदार घर आहे. त्या आळींतील बाकीचीं बहुतेक घरें त्याहून शंभर वर्षांनीं तरी धाकटीं आहेत. त्याचें कारण पुढें येईलच.

चर्चजवळ जातांच प्रथम नजरेंत भरतात तीं दुकानें. भिंतींस बाहेरून आधार देणारे जे जाड दगडी धिरे आहेत, त्यांच्यामधील खोबणींतून लहान लहान दुकानें मांडलेलीं आहेत. चित्रें, खेळणीं, प्रवाशांनीं घरीं न्यावयाच्या किरकोळ वस्तु, सर्व तेथें मिळतें. हीं दुकानें अलीकडील प्रवाशांसाठीं निघालीं असतील अशी कोणाची समजूत होईल. पण ही वहिवाट मध्ययुगापासूनची आहे. पुण्यास तुळशीबागेंत रामरायाच्या भोंवतीं जो बाजार भरतो त्याची ज्यांस संवय आहे, त्यांस येथें परकें वाटण्याचें कारण नाहीं. सौभाग्यवतींस तर इतकें घरच्यासारखें वाटलें कीं, देवदर्शनाच्या आधींच दोन खरेद्या उरकल्या.

आंत शिरतांना जोडे काढावे लागत नाहींत. डोक्यावरील टोपी मात्र पुरुषांनीं काढावयाची. आमच्याकडे नेमकें उलट. देवापुढें कांहींतरी उतरून ठेवावें, एवढ्यापुरतें दोन्ही धर्मांचें एकमत आहे.

गॉथिक शिल्पाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अर्धवर्तुळाकार कमान आपल्यावरील भार खालीं नेतांना तो बाजूंसही ढकलीत असते. तो रेटा सोसण्यासाठीं जुन्या कारागिरांस भिंती जाड कराव्या लागत आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागत. बाराव्या शतकांत फ्रान्समधील गवंड्यांनीं टोंकदार कमानीचा उपयोग पद्धतशीर सुरू केला. टोंकदार कमान बाजूस कमी ढकलते. छताचा भार दगडी फासळ्यांतून ठराविक खांबांवर उतरवितां येतो. राहिलेला रेटा बाहेरचे धिरे अडवितात. मग खांबाखांबांच्या मधल्या भिंतीस कामच उरत नाहीं, आणि तेथें खुशाल कांच बसवितां येते. आपल्याकडील हेमाडपंती देवळांत दगडावर दगड चढवून, आडव्या तुळया टाकून छत तोललेलें असतें; गाभाऱ्यांत अंधार आणि त्यांत एक नंदादीप. आमच्या पूर्वजांस देव अंधारांत, जवळून पाहावयाचा होता. या लोकांस तो उजेडांत, मान वर करून पाहावयाचा होता. दोन्ही रीती आम्हांस मान्य आहेत. मात्र साठी उलटल्यावर मान वर करून पाहणें जरा जडच जातें.

हें चर्च अत्यंत नाजूक गॉथिक कामाचा नमुना म्हणून प्रसिद्ध नाहीं. पॅरिस किंवा कलोन येथील चर्चांपुढें तें साधें आहे. त्याचा दगड त्याच खोऱ्यांतील तांबडा वालुकाश्म. आंतील रचनेंत मात्र एक विशेष आहे, आणि तो पुढील गोष्ट समजण्यास आवश्यक आहे. अशा चर्चाचे मुख्य भाग दोन. पश्चिमेकडील लांब सभामंडप, तेथें सामान्य उपासक बसतात. आणि पूर्वेकडील 'कोअर', म्हणजे वेदीचा भाग, तेथें पुरोहितवर्ग बसावयाचा. येथें कोअरांतील मधला व बाजूचे असे तिन्ही पट्टे सारख्याच उंचीचे आहेत, त्यामुळें उजेड सर्वत्र सारखा पसरतो. सभामंडपांत बाजूच्या पट्ट्यांवर दगडी सज्जे काढलेले आहेत. हे सज्जे कशासाठीं होते तें कळल्यावर आमच्यांतील शिक्षक जागा झाला. तेथें ग्रंथालय होतें.

या जागीं चर्च असल्याचा पहिला उल्लेख १२३९ सालचा. हल्लींच्या इमारतीचा पाया १३९८ मध्यें घातला गेला, कोअर १४११ मध्यें पवित्र करण्यांत आला, सभामंडप १४४१ मध्यें पुरा झाला, आणि मनोऱ्याचें काम १५४४ पर्यंत रेंगाळलें. या मनोऱ्यास २०८ पायऱ्या आहेत. आम्हीं त्या मोजल्या नाहींत. चिरंजीव वर गेले, आम्ही खालीं बांकावर बसलों. बांधणारा राजा रुप्रेख्ट तिसरा. पॅलॅटिनेट नांवाच्या या संस्थानाच्या अधिपतींस जर्मन राजा निवडण्याच्या कामीं मत असे, म्हणून त्यांस 'इलेक्टर' म्हणत. रुप्रेख्ट तर १४०० सालीं स्वतःच जर्मनीचा राजा निवडला गेला. तो १४१० मध्यें वारला. त्याची आणि त्याची राणी एलिझाबेथ हिची कबर चर्चांत आहे, आणि कबरीवर दोघांच्या दगडी मूर्ति शेजारीं शेजारीं आडव्या आहेत. त्याच्या घराण्यांतील पन्नासांहून अधिक जणांच्या कबरी येथें होत्या. आज ही एकच शिल्लक आहे.

विद्यापीठ चर्चाच्या हल्लींच्या इमारतीपेक्षां थोडें वडील. पोपची अनुज्ञा १३८५ मध्यें आली, आणि १८ ऑक्टोबर १३८६ रोजीं याच जागीं असलेल्या जुन्या चर्चांत प्रार्थना होऊन विद्यापीठाचा आरंभ झाला. आजच्या जर्मनींतील विद्यापीठांत हें सर्वांत जुनें. त्याचा पहिला रेक्टर इंघेनचा मार्सिलियस; तो वारला तेव्हां त्याचीं पुस्तकें विद्यापीठास मिळालीं. पुढें इलेक्टर लुडविग तिसरा यानें आपला संग्रह या चर्चास दिला, आणि सोळाव्या शतकांत ओटहाइनरिख या ग्रंथवेड्या राजानें निरनिराळे संग्रह एकत्र आणून त्यांत मोठी भर घातली. सज्ज्यांवर उजेड भरपूर, जमिनीची ओल तेथवर पोहोंचत नाहीं, आणि खालीं देव राखणीस. 'बिब्लिओथेका पॅलाटिना' या नांवानें तें ग्रंथालय साऱ्या युरोपांत गाजलें. खालीं प्रार्थना चाललेली आणि वर कोणी विद्यार्थी हस्तलिखितावर वांकलेला, हें चित्र आम्ही बराच वेळ डोळ्यांपुढें आणीत होतों.

तें टिकलें नाहीं. ओटहाइनरिखाच्याच कारकीर्दींत, १५५६ सालीं, संस्थान प्रॉटेस्टंट झालें. त्यानंतर राजा ल्यूथरन असला कीं प्रजेनें ल्यूथरन व्हावें, राजा काल्विनाच्या रिफॉर्म्ड पंथाचा आला कीं प्रजेनें रिफॉर्म्ड व्हावें, असा प्रकार दोनदां उलटसुलट झाला. येथेंच १५६३ मध्यें रिफॉर्म्ड पंथाची प्रश्नोत्तरी रचली गेली. 'हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी' म्हणून ती आजही जगभर पाठ करतात. तिच्यांतील ऐंशीव्या प्रश्नाच्या उत्तरांत कॅथलिकांच्या मुख्य पूजाविधीस मूर्तिपूजा म्हणून शापिलें आहे. हा ऐंशीवा प्रश्न वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

तीस वर्षांच्या युद्धांत, १६२२ च्या सप्टेंबरांत, कॅथलिक पक्षाचा सेनापति टिली यानें शहर घेतलें. बव्हेरियाचा राजा मॅक्सिमिलियन यानें जिंकलेलें ग्रंथालय पोप ग्रेगरी पंधरावा यास नजर केलें. लेओने अल्लाची नांवाचा विद्वान् रोमहून आला, आणि १६२३ मध्यें १९६ पेट्या भरून ग्रंथ आल्प्स पर्वतापलीकडे रवाना झाले. सुमारें ३,५०० हस्तलिखितें आणि १३,००० च्या आसपास छापील पुस्तकें. खेचरांवरील ओझें हलकें व्हावें म्हणून कित्येक ग्रंथांच्या जड लांकडी बांधण्या उतरवून टाकल्या. विद्वानानेंच हें केलें, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. शिपायानें पुस्तक जाळलें तर त्यास त्याची किंमत ठाऊक नव्हती असें म्हणतां येतें.

एका ग्रंथाची गत विशेष सांगण्यासारखी आहे. लॉर्श येथील मठांतून आलेला, नवव्या शतकाच्या आरंभीं सुवर्णाक्षरांत लिहिलेला बायबलांतील चार शुभवर्तमानांचा कोश येथें होता. लुटीच्या धामधुमींत तो गेला आणि त्याचे तुकडे झाले. आज पहिला अर्धा भाग रुमानियांत, दुसरा व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत. हस्तिदंती वेष्टनाची एक बाजू व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आणि दुसरी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. एका पोथीच्या चार वांटण्या! ज्ञानेश्वरीचे पहिले नऊ अध्याय एका भावानें व पुढचे नऊ दुसऱ्यानें घ्यावे, आणि वरचें रेशमी बासन दोन बहिणींनीं फाडून न्यावें, तसें झालें.

दुसरा घाला १६९३ चा. फ्रान्सचा चौदावा लुई या संस्थानावर वारसाहक्क सांगून आला होता. मे महिन्यांत त्याच्या सैन्यानें शहर जाळलें. चर्चाचें छप्पर जळालें, राजघराण्याच्या कबरी फोडल्या गेल्या. रुप्रेख्ट व एलिझाबेथ तेवढीं वांचलीं. समोरील कापडव्यापाऱ्याचें घरही वांचलें. आज चर्चावर दिसतें तें छप्पर व मनोऱ्याचा वरचा घाट आगीनंतरचा, म्हणजे खालीं गॉथिक आणि वर बरोक. जाणत्यास हा विजोडपणा टोंचतो म्हणतात. आम्हांस टोंचला नाहीं. जुन्या वाड्यावर नवे पत्रे चढलेले पाहण्यांत आमचा जन्म गेला आहे.

आतां भिंतीकडे येऊं. १६८५ मध्यें राजघराण्याची जुनी शाखा खुंटली आणि गादी कॅथलिक शाखेकडे गेली. प्रजा बहुतांशीं रिफॉर्म्ड, राजा कॅथलिक. इलेक्टर योहान विल्हेल्म यानें १६९८ मध्यें हुकूम काढला कीं, रिफॉर्म्ड लोकांचीं चर्चें यापुढें कॅथलिकांस व ल्यूथरनांसही उपासनेसाठीं खुलीं राहावीं.

सभामंडपांत बांकावर बसून आम्ही हें सांगत असतां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मग भिंत कशाला हवी होती? सकाळीं एकांनीं पूजा करावी, दुपारीं दुसऱ्यांनीं. आपल्याकडे नाहीं का पाळी लावीत?"

"ही पाळीच होती," आम्ही म्हणालों. "पण पाळी लावतांना थोरल्यानें आपलीं भांडीं कुलुपांत ठेवलीं."

कारण हा हुकूम एकतर्फी होता. रिफॉर्म्डांचीं चर्चें सर्वांस खुलीं झालीं, कॅथलिकांचीं कोणास खुलीं झालीं नाहींत. पाळीची व्यवस्था परस्परांच्या संमतीवर चालते. वरून लादलेली पाळी ही घुसखोरीच, असें ज्याच्या घरांत ती शिरते त्यास वाटावयाचेंच. कुरबुरी वाढल्या, प्रशियाच्या प्रॉटेस्टंट राजानें दाब आणला, आणि नोव्हेंबर १७०५ मध्यें वांटणीचा जाहीरनामा निघाला. संस्थानांतील या चर्चांचे सात वांटे करून पांच रिफॉर्म्डांस व दोन कॅथलिकांस द्यावे असें ठरलें. ल्यूथरन बिचारे वांट्यांत धरलेच नव्हते. हायडेलबर्गच्या या मुख्य चर्चाबद्दल असा निर्णय झाला कीं, सभामंडप रिफॉर्म्डांचा, कोअर कॅथलिकांचा. १७०६ मध्यें दोहोंच्या मध्यें भिंत उभी राहिली. एकाच्या वांट्यास वेदी नसलेलें चर्च आलें, दुसऱ्याच्या वांट्यास मंडप नसलेलें.

तेरा वर्षें गेलीं. नवा इलेक्टर कार्ल फिलिप यास आपल्या राजधानींतील मुख्य चर्च दरबारासाठीं अखंड हवें होतें. त्यानें रिफॉर्म्ड मंडळीस दुसरी जागा देऊं केली, त्यांनीं नाकारली. शिवाय प्रश्नोत्तरींतील तो ऐंशीवा प्रश्न त्याच्या मनांत सलत होता. राजाच्या धर्मास शाप देणारें पुस्तक राजाच्याच राज्यांत मुलांकडून पाठ करून घ्यावयाचें! त्यानें १७१९ मध्यें पुस्तकास बंदी केली आणि भिंत पाडून सारें चर्च ताब्यांत घेतलें. लागलीच प्रशिया आणि ब्रिटन-हॅनोव्हर यांनीं निषेध केला, आपापल्या मुलखांतील कॅथलिकांवर सूड उगविण्यास प्रारंभ केला, आणि प्रकरण सम्राटापर्यंत गेलें. १७२० मध्यें कार्ल फिलिपास सभामंडप परत द्यावा लागला व भिंत पुन्हा बांधावी लागली. तो इतका संतापला कीं राजधानीच उचलून मानहाइमला नेली. हायडेलबर्गचें राजवैभव गेलें तें तेव्हांपासून. राजवाडा डोंगरावर भग्न पडून आहे त्याचें एक कारण फ्रेंचांच्या सुरुंगांत आहे, आणि दुसरें या भिंतींत.

ही हकीकत ऐकून आमच्या एका मित्रांनीं उद्गार काढला कीं, भिंत घालणारे किती क्षुद्र! आम्हांस तसें वाटत नाहीं. वांटणी म्हटली कीं नाक मुरडण्याची संवय आपल्याकडे पुष्कळांस आहे. ती शास्त्राला धरून नाहीं. मनूनें भावांस एकत्र राहण्याची मोकळीक दिली, तशीच धर्मवृद्धीसाठीं वेगळें होण्याचीही दिली आहे. चुली दोन झाल्या म्हणजे वैश्वदेव दोन ठिकाणीं होतो, अतिथि दोन ठिकाणीं जेवतो, अशी त्यामागील दृष्टि. मात्र त्याच मनूनें न वांटण्याच्या वस्तूंची यादीही दिली आहे. अंगावरचें वस्त्र, शिजलेलें अन्न, विहिरीचें पाणी, योगक्षेम, येण्याजाण्याची वाट. आड फोडून वांटतां येत नाहीं. रहाटाची पाळी लावावी लागते. आमच्या मतें १७०६ ची भिंत हा त्या कलहांतील सर्वांत कमी वाईट भाग होता. १६९८ चा हुकूम आणि १७१९ ची बळजोरी या दोन्हींहून ती सभ्य. तिच्यामुळें एकाच पायावर व एकाच छपराखालीं दोन पंथ पिढ्यान्पिढ्या आपापली उपासना करीत राहिले. ज्यांस एकत्र जेवतां येत नाहीं त्यांनीं वेगळें जेवावें. रोज पानावर भांडण्यांत कुलाची शोभा नाहीं.

याच गांवाचा आपल्या एकत्र कुटुंबाशीं एक निराळाच संबंध आहे, तो येथें सांगितला पाहिजे. हायडेलबर्ग विद्यापीठांत १९६२ पासून दक्षिण आशियाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. तेथें गुंथर सोन्थायमर नांवाचे प्राध्यापक होते. ते १९९२ मध्यें वारले. महाराष्ट्रांत त्यांची ओळख आहे ती खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचे व धनगरांच्या ओव्यांचे अभ्यासक म्हणून. परंतु मूळचा त्यांचा एक विषय हिंदु धर्मशास्त्र, आणि १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा एक इंग्रजी ग्रंथ हिंदूंच्या एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर विकासावर आहे. आपल्या घरांतील समाईक व स्वतंत्र मिळकतीचा, वडिलांच्या व मुलांच्या हक्काचा इतिहास स्मृतींपासून न्यायालयांपर्यंत त्यांनीं शोधला. ज्या गांवीं देवघराची वांटणी झाली त्या गांवीं बसून एक जर्मन गृहस्थ आपल्या वांटण्यांचा विचार करीत होता, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

भिंतीचा शेवट कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. अठराव्या शतकांत जवळच जेझुइटांचें प्रशस्त चर्च उभें राहिलें आणि कॅथलिकांस या कोअराची निकड उरली नाहीं. पोपच्या अचूकतेच्या सिद्धांतावरून १८७० नंतर कॅथलिकांतच फूट पडली. जे फुटून निघाले ते 'जुने कॅथलिक' या कोअरांत आले. दुसऱ्या बाजूस १८२१ मध्येंच बाडेन संस्थानांतील रिफॉर्म्ड व ल्यूथरन एक झाले होते. म्हणजे भिंतीच्या एका अंगास दोघांचे एक झाले, दुसऱ्या अंगास एकाचे दोन. भिंत मात्र जागच्या जागीं. विद्यापीठाच्या पांचशेव्या वर्षीं, १८८६ मध्यें, उत्सवासाठीं ती काढण्यांत आली. पाहुणे गेले, आणि कांहीं वर्षांनीं ती पुन्हा बांधली गेली! लग्नकार्यापुरतें भाऊ एकत्र येतात आणि मांडव परतला कीं पुन्हा कुंपण घालतात, तें आपणांस नवीन नाहीं. अखेर १९३६ मध्यें प्रॉटेस्टंट मंडळीनें कोअर विकत घेतला, आणि मग ती जी गेली ती कायमची. राजाच्या सत्तेनें ती गेली नव्हती, उत्सवाच्या उमाळ्यानें गेली नव्हती. खरेदीखतानें गेली.

येथें थांबलों असतों तर गोष्ट गोड झाली असती. परंतु साल १९३६ आहे. त्या वर्षीं हिटलरशाहींत विद्यापीठाचा साडेपांचशेवा उत्सव मोठ्या थाटानें झाला, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांनीं त्याचें आमंत्रण नाकारलें. कारण तेथील यहुदी अध्यापकांस १९३३ पासून काढून टाकण्यास प्रारंभ झाला होता. विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर 'जिवंत आत्म्यास' अशा अर्थाची अर्पणाक्षरें होतीं; तीं बदलून 'जर्मन आत्म्यास' अशीं करण्यांत आलीं, आणि युद्धानंतर पुन्हा पूर्ववत् झालीं. १९३८ मध्यें गांवांतील यहुद्यांचें प्रार्थनामंदिर जाळण्यांत आलें. २२ ऑक्टोबर १९४० रोजीं येथील यहुद्यांस, बाडेनमधील इतरांबरोबर, फ्रान्समधील छावणींत हांकून नेण्यांत आलें. त्यांपैकीं फार थोडे परत आले. चर्चांतील भिंत पडत होती त्याच वर्षांत बाहेर असें घडत होतें. भिंत जेथें होती तेथें आम्ही उभे राहिलों तेव्हां हें मनांतून जाईना.

या चर्चांत एक खिडकीही पाहावी. योहानेस श्रायटर या कांचकलावंताकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नव्या खिडक्यांचें काम आलें होतें. त्यानें एकेका विद्येवर एकेक खिडकी योजिली. पहिली पदार्थविज्ञानाची, १९८४ ची. लाल भडक कांचेंत ऊर्जा व वस्तुमान यांच्या संबंधाचें आइन्स्टाइनचें सूत्र आणि ६ ऑगस्ट १९४५ ही हिरोशिमाची तारीख, शेजारीं जगाच्या अग्निप्रलयाविषयींचें बायबलांतील वचन. तिच्यावरून गांवांत मोठा वाद माजला आणि बाकीचा बहुतेक आराखडा बारगळला. आम्ही विज्ञान शिकविलें नाहीं, संस्कृत शिकविलें. तरी विद्येच्या नगरींतील देवळांत विद्येचा हिशेब मागणारी एवढी एक खिडकी बसली हें आम्हांस योग्यच वाटतें. सौभाग्यवतींस ती आवडली नाहीं. "देवळांत कशाला तें," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि राणी एलिझाबेथच्या मूर्तीकडे वळल्या.

निघतांना आम्ही पुन्हा सज्ज्यांखालीं उभे राहिलों. रोमला गेलेल्या ग्रंथांपैकीं ८४७ जर्मन हस्तलिखितें १८१६ मध्यें परत आलीं; तीं आतां विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत. लॅटिन, ग्रीक वगैरे ग्रंथांपैकीं बहुतेक व्हॅटिकनमध्येंच राहिले. १९८६ मध्यें विद्यापीठास सहाशें वर्षें झालीं तेव्हां त्यांतील शेंकडों ग्रंथ उसने आणून याच चर्चांत, याच सज्ज्यांवर, प्रदर्शन मांडलें होतें. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत माहेरवाशिणीसारखे राहून ते परत गेले. अलीकडे दोन्ही ग्रंथालयांनीं मिळून त्या हस्तलिखितांच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेतलें असून तीं संगणकावर कोणासही फुकट पाहतां येतात. त्या रात्रीं चिरंजीवांनीं आम्हांस लॉर्शचा कोश उघडून दिला. रुमानियांतील पानें संपलीं आणि पुढचें पान व्हॅटिकनचें आलें; मध्यें सांधा दिसला नाहीं. सूनबाई जेवावयास हांक मारीत होत्या. आम्ही आणखी चार पानें उलटलीं आणि मग उठलों.